निवलेलं ताट

अवनीचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. एक माणूस पडद्यावरच्या आलेखाला लेझरचा लाल ठिपका लावून आम्हाला शहाणपण शिकवत होता. मांडीवर फोन थरथरला. ‘आई, आजोबा निवले. तू ये ना लवकर.’ एवढंच. मी तो ठिपका बघत राहिले. तो आलेखावरून घसरला, भिंतीवर गेला, परत आला. मग मी उठले. खुर्ची मागे आपटली. बॉसनं विचारलं, “मृणाल, सब ठीक?” मी म्हटलं, “पिताजी.” दुसरा शब्दच सुचला नाही. एरवी घरात त्यांना पिताजी म्हटलं असतं तर त्यांनीच मागे वळून बघितलं असतं की कोण आलंय. पण दिल्लीत माणसाचा बाप हिंदीतच मरावा लागतो, नाहीतर सुट्टी मिळत नाही. लिफ्टची वाट न बघता जिना उतरले. बाराखंबाच्या मेट्रो स्टेशनवर येईपर्यंत अवनीला फोन लावत होते. वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.

निवले. हा शब्द अवनीला कुठून मिळाला? ती दिल्लीत जन्मली. तिचं मराठी म्हणजे रेल्वेनं पाठवलेलं सामान. पोचलं, पण वाटेत निम्मं चोरीला गेलं. गार म्हणायचं असेल तर ती ‘ठंडं’ म्हणते. ‘आई, चहा ठंडा झालाय यार.’ पातेल्याला भगोना, आणि सांडशीला तर नुसतं ‘ते पकडायचं’. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळातले काकासाहेब गेले, तेव्हा शोकसभेत कुणीतरी म्हणालं, काकासाहेब निवर्तले. ही माझ्या कानाशी लागून विचारते, “परत रिटायर झाले?” तिथेच मी तिला चिमटा काढला होता आणि घरी येऊन समजावलं होतं, बाई, निवृत्त वेगळं आणि निवर्तले वेगळं. तेच तिनं अर्धवट लक्षात ठेवलं असणार. घाबरून, आठवेल तो शब्द लिहिला असणार. आणि जो लिहिला गेला तो जास्त भयंकर होता. निवणं म्हणजे गरम होतं त्यातली ऊब जाणं. दूध निवतं. ताट निवतं. बाबा निवले. मला एकदम त्यांची बोटं दिसली, लांब, टोकांना कायम पिवळी, आणि ती मी हातात घेतलीयेत आणि त्यात ऊब नाही.

गाडीत बसायला जागा मिळाली. शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघून पर्स आपल्या बाजूला ओढली, म्हणजे माझा चेहरा तसा दिसत असणार. रडू आलं नाही. जे पहिलं मनात आलं ते लिहिते. सुटले एकदाची. आता रविवारी जावं लागणार नाही. दोन दिवसांनी रविवार होता आणि मी बाबांना फरीदाबादला घेऊन जाणार होते, एका वृद्धांच्या निवासात, खोली बघायला. बागबिग आहे, डॉक्टर येतो, सगळे शिकलेले लोक. त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, “बरं.” फरीदाबादमध्ये ज्या माणसानं सगळी नोकरी काढली, ट्रॅक्टरचे भाग तपासण्यात, त्याला पुन्हा फरीदाबादला नेऊन सोडायचं. आणि का? तर तो माझ्या हातचं जेवत नाही म्हणून. असं कुणाला सांगितलं तर हसतील. माझा नवरा, विक्रांत, नोकरीसाठी पुण्यात असतो आणि महिन्यातून एकदा येतो, तो हसलाच. “म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे गं, सोड ना.” महिन्यातून एकदा येणाऱ्याला सगळंच सोडता येतं.

जेवत नाहीत असं नाही. गार जेवतात. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर ते आमच्याकडे मयूर विहारला आले आणि पहिल्या दिवसापासून हे सुरू झालं. मी ऑफिसातून येऊन, हात धुऊन, तव्यावरची पोळी तशीच ताटात टाकायची. वरण उकळतं. भातावर तूप वितळतंय. आणि ते दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या ताटाकडे बघत बसायचे. प्रार्थना करणारा माणूस बसतो तसे. पण प्रार्थना वगैरे काही नाही, बाबांचा देवाशी संबंध गणपतीतल्या मोदकापुरता. वाफ संपायची. वरणावर साय धरायची. दिल्लीच्या जानेवारीत ताट निवायला वेळ लागत नाही, तूप काठाला पांढरं होऊन चिकटायचं. मग ते पहिला घास घ्यायचे. निम्मं टाकायचे. “गरम करून देऊ?” “नको. ठीक आहे.” आणि डॉक्टर मला विचारतो, वजन का उतरतंय, घरी नीट खायला मिळतं ना? मला! मी नरम खिचडी केली, गार झाली. धिरडी केली, वातड झाली. शेवटी भांडले, की बाबा, माझ्या हातचं तुम्हाला आवडत नाही तर स्पष्ट सांगा, डबा लावू. ते म्हणाले, “तसं नाही, मृणू.” मग कसं, ते नाही सांगितलं. रोज संध्याकाळी माझ्यासमोर माझं अन्न मारलं जात होतं आणि मारणारा सभ्यपणे बसून होता. त्यातून रविवार निघाला.

गाडी जमिनीतून वर आली, यमुनेवरून निघाली. खाली नदी म्हणवणारं ते काळं काहीतरी, त्यावर धुकं, की धूर. दिल्लीत जानेवारीत दोन्हीत फरक नसतो. खिडकीच्या काचेला माझ्या श्वासाची वाफ धरली आणि मला फरीदाबादचं स्वयंपाकघर इतकं स्वच्छ दिसलं की मी काचेला हात लावला. एन.आय.टी.मधलं, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतलं क्वार्टर. पूर्वेची खिडकी. हिवाळ्यात सकाळी तिच्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा ओट्यावर यायचा, थोडाच वेळ, आणि त्या पट्ट्यासाठी बाबा आठवडाभर जगायचे. रविवारी आई उकड करायची. तांदळाच्या पिठीची, ताकातली, लसूण-मिरचीची फोडणी. कढीलिंब तेव्हा फरीदाबादच्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हता, आईनं तो तुपाच्या डब्यात लावला होता. शेजारची रिंकूची मम्मी डोकावून म्हणायची, “हाय बहनजी, ये लेई काहे को पका रही हो, पतंग उड़ाओगी?” पतंग चिकटवायची खळ म्हणायची, आणि मग वाटी पुढे करायची. आई झाकण काढायची. वाफेचा एक लोट त्या उन्हात उभा राहायचा, पांढरा, जिवंत, कुणीतरी घरात आल्यासारखा. आणि बाबा ओरडायचे, “थांबा! हात लावू नका.”

त्यांच्याकडे एक जुना रशियन कॅमेरा होता, विटेसारखा जड. बाबांना वाफेचा फोटो हवा होता. नुसता पदार्थाचा नव्हे. पदार्थ कुणीही काढतो, म्हणायचे, गरमपणा काढून दाखवा. वाफ दिसायला मागून उजेड लागतो आणि मागे काळोख लागतो, म्हणून ओट्याच्या भिंतीला आईचं काळं लुगडं टांगलेलं. मी स्टुलावर बसून पत्रा धरायची, उजेड परतवायला. आम्ही भुकेनं तळमळत असायचो. बाबा एका डोळ्यानं आत बघत, “मृणू, डावीकडे. अजून. कल्पना, हात काढ. नाही, राहू दे, हात राहू दे, नुसता हात.” तोवर वाफ गेलेली. “कल्पना, परत गरम कर.” आई परत पातेलं चढवायची, पाण्याचा हबका मारायची. परत झाकण. परत थांबा. तीन-तीनदा शिजून त्या उकडीचा दगड व्हायचा. मग बाबा म्हणायचे, झालं, बसा. आम्हाला आई उरलेल्यातली बरी वरवरची वाढायची, आणि फोटोतली, ती वाटी, ती साय धरलेली, कडेला सुटलेली, ती आई खायची. उभ्यानं. रिंकूची मम्मी एकदा म्हणाली होती, “भाईसाब, फोटू बाद में, पहले बेचारी को खाने दो.” आमच्या सगळ्या नातेवाइकांत, मंडळात, सुशिक्षित मराठी लोकांत एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडातून निघालं नाही.

रात्री न्हाणीघर बंद. आत लाल दिवा. रसायनाचा आंबट वास घरभर. आईची कणीक मळायची परात फोटो धुवायला पळवलेली असायची, त्यावरून भांडण. आणि न्हाणीघर अडल्यामुळे आम्ही पाय आवळून बसलेलो. पण बाबा मला आत घ्यायचे कधीकधी. कोऱ्या कागदावर पाण्याखाली आधी काळोख यायचा, मग वाटीची कड, मग एकदम, कुठूनतरी, वाफ. मी ते विसरू शकत नाही. जुनं आठवलं की लोक गोड होतात, मला तो प्रकार जमत नाही, पण त्या लाल काळोखात बापाच्या कोपराला टेकून ती वाफ वर येताना बघणं, हे मला परत हवं आहे. आत्ता हवं आहे. रागासकट हवं आहे. बाबा ओला कागद चिमट्यात धरून बाहेर यायचे, ठिबकवत. “डोळे निवले बघ, कल्पना.” आणि आई, भांडी घासता घासता, मागे न बघता म्हणायची, “तुमचे डोळे निवले, माझी उकड निवली.”

एकच शब्द. दोघं तोच वापरायचे आणि एकमेकांच्या विरुद्ध वापरायचे. त्यांना निवणं म्हणजे तृप्ती, हिला निवणं म्हणजे वाया जाणं. हा सगळा संसार त्या एका शब्दाच्या दोन टोकांना दोघांनी धरून ओढत नेला. मला लहानपणी वाटायचं तो त्यांचा विनोद आहे. आम्ही हसायचोसुद्धा. मंडळाच्या गणेशोत्सवात बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, ‘घरचा उजेड’ अशा नावाचं. बक्षीस मिळालं. एका फोटोत वाटी, वाफ, आणि मनगटाशी कापलेला आईचा हात, दोन हिरव्या बांगड्या. एक प्राध्यापकबाई म्हणाल्या, “वहिनी, तुमचा हात काय बोलका आलाय हो!” आई म्हणाली, “हो ना. तोंडाचं काम त्यालाच करावं लागतं.” सगळे हसले. बाबापण हसले. आईचा चेहरा का नाही काढत असं मी विचारलं होतं एकदा. “ती हलते गं,” म्हणाले. आई गेल्यावर हार घालायला फोटो हवा होता, तेव्हा त्या ट्रंकभर फोटोंतून चेहरा निघाला नाही. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. सरकारनं काढलेला फोटो. सरकारला ती बरी स्थिर सापडली.

हे सगळं मी मेलेल्या बापाविषयी आठवत होते. अक्षरधाम गेलं. मला वाटलं की आता मी कुणाशी भांडू? मीच का म्हणून ते ताट उचलून सिंकमध्ये फेकलं नाही, हातात कॉलर धरून विचारलं नाही, की का? रविवारची धमकी दिली, पण प्रश्न नाही विचारला. आणि आता तो माणूस न सांगता गेला, मला वरणावरची साय दाखवून गेला. तेवढ्यात फोन वाजला. अवनी. “आई, इतके सारे मिस्ड कॉल? फोन चार्जिंगला होता, आम्ही खाली उन्हात बसलो होतो.”

“आम्ही कोण?”

“मी आणि आजोबा. आई? तू रडतेयस? क्या हुआ?”

“तू लिहिलंस आजोबा निवले.”

“हो, तेच म्हणाले ना! उकड खाल्ली आणि म्हणाले, निवलो बघ अवनी. मला वाटलं तुला सांगावं. त्याचा मतलब... आई, त्याचा मतलब काय आहे?”

मयूर विहारला दारं उघडली आणि मी माणसांच्या लोंढ्याबरोबर बाहेर ढकलले गेले. कठड्याला धरून उभी राहिले. हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. अवनीचं वाक्य मी परत मनात लावून पाहिलं. उकड खाल्ली. निवलो म्हणाले. निवलो असं गार उकड खाऊन कुणी म्हणत नाही. “अवनी,” मी विचारलं, “गरम खाल्ली?” “हो, एकदम गरम. मीच बनवली. व्हिडिओ बघून. इतकी भारी नव्हती पण बिल्कुल संपवली त्यांनी. तुझ्यासाठी ठेवलीये, ये ना, ठंडी होईल.” रिक्षात बसले तेव्हा माझ्या अंगात जो राग चढला तो मी याआधी कधी अनुभवला नव्हता. मेलेल्या बापाला मी जवळजवळ माफ करत आणलं होतं. जिवंत बापानं त्या पोरीच्या हातची गरम खाल्ली.

दार अवनीनं उघडलं. कॉलेज धुक्यामुळे ऑनलाइन होतं, अजून रात्रीच्या पायजम्यातच होती, वर माझी शाल. बाबा जेवणाच्या टेबलाशी, कानटोपी घालून, हातात रिकामी वाटी. खरंच रिकामी. चाटूनपुसून. मी बूटही न काढता आत गेले. ओट्यावरचं पातेलं उघडलं, बोटानं चाखलं. गुठळ्या. लसूण जळलेला. ताकाऐवजी डब्यातलं गोड दही. आईनं ही उकड रिंकूच्या पतंगालासुद्धा दिली नसती.

“हिच्या हातची गरम चालते,” मी म्हटलं. “माझी नाही.”

“आई, चिल ना,” अवनी म्हणाली. “मी फोटो काढत होते. म्हटलं स्टोरी टाकते, वाफ छान दिसत होती. तर आजोबांनी माझा हातच खाली केला. म्हणे आधी खा. मी म्हटलं, तुम्ही खाल तर मी खाईन. बस.”

“मी तुला नाही विचारत.”

बाबांनी वाटी खाली ठेवली. मग परत उचलली. त्यांना हातात काही नसलं की बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. “ही तुझ्या आईसारखी नव्हती झाली,” ते म्हणाले. “अवनीची. त्यात तिचं काहीच नव्हतं. म्हणून खाता आली.”

“आणि माझी?”

“तुझी तिच्यासारखीच होते. वरण, भात, सगळं. वाससुद्धा. समोर आलं की...” त्यांनी वाटी हातात फिरवली. “तिनं जन्मभर निवलेलं खाल्लं, मृणू. माझ्यामुळे. ती असताना हे डोक्यात आलं नाही. मी फोटोत बघत होतो, ताटात कधी बघितलंच नाही. ती गेली त्या दिवशी कुणीतरी पिठलं-भात आणून दिला, गरम. मला घास उतरेना. म्हटलं, आपण कशाला गरम खायचं? तिनं खाल्लं तसंच आपणही. कसं लागतं ते तरी कळू दे.”

अवनी माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. एखादी चांगली मुलगी असते तर मी तिथेच त्यांच्या गळ्यात पडले असते आणि ही गोष्ट संपली असती. पण माझ्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट उघडत होती, झाकण सरकावं तशी. दोन वर्षं. दोन वर्षं मी ऑफिसातून येऊन गरम पोळी लाटत होते आणि या माणसानं ती आपल्या पश्चात्तापासाठी वापरली. परत तेच! आधी फोटोसाठी एका बाईचं अन्न गार झालं, आता प्रायश्चित्तासाठी दुसरीचं. यांना काहीही वाटलं, आनंद वाटो, दुःख वाटो, ते वाटायला लागणारं सामान कायम स्वयंपाकघरातूनच येणार.

“कसं लागलं मग?” मी विचारलं.

“काय?”

“निवलेलं. कळलं का?”

“वाईट लागतं,” ते म्हणाले.

“तुम्ही बसून खाता, बाबा. ती उभ्यानं खायची. तुम्हाला ताट वाढलं जातं. तुमच्यासमोर गरम येतं आणि तुम्ही ते गार करता. तिला गारच मिळायचं. ह्यात अन् त्यात फरक आहे. तुमचं प्रायश्चित्त माझ्या गॅसवर शिजतंय, कळतंय का? मी आई नाही. मला वाटत होतं माझ्या हाताला चव नाही. डॉक्टर मला जाब विचारतो. मी तुम्हाला घराबाहेर काढायला निघाले होते, आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात. एवढं एक वाक्य बोलायला दोन वर्षं?”

“आई, बस ना,” अवनी म्हणाली.

“तू बस.”

बाबा कानटोपीचं टोक चाचपत राहिले. मला वाटलं आता रडतील, आणि ते रडले असते तर मी खरंच त्यांना रविवारी नेऊन सोडलं असतं. पण ते उठले. खुर्चीला धरून, मग टेबलाला धरून. “तू बस,” मला म्हणाले. “बूट काढ आणि बस.” आणि स्वयंपाकघरात गेले.

मी बसले. माझ्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, ऑफिसातून येऊन, नुसती बसले, हे कधी झालं होतं आठवेना. खुर्चीची पाठ केवढी उभी आहे हे मला त्या दिवशी कळलं. इथून ओटा अख्खा दिसतो. लाइटर चार-पाचदा वाजला, गॅस पेटत नव्हता. खालचा रेग्युलेटर बंद होता, ते त्यांना माहीत नव्हतं. अवनी उठायला लागली, मी तिचं मनगट धरलं. त्यांनी स्वतःच वाकून शोधला. डबे उघडत गेले, एकेक, वास न घेता, चिमटीत घेऊन उजेडात धरून बघायचे. मैदा परत ठेवला. बेसन परत ठेवलं. तांदळाची पिठी बरोबर काढली. “ही निळसर असते,” स्वतःशीच म्हणाले.

आणि मग ते करू लागले, आणि मी बघत राहिले. तेल कढईत पसरून आरशासारखं हललं, तेव्हा मोहरी टाकली. मोहरी उडून थांबली त्या क्षणी लसूण. लसणाची कड सोनेरी झाली तशी मिरची. दही पाण्यात घुसळून त्यात पिठी कालवली आणि उंचावरून ओतली, एका हातानं, दुसरा हात कडेला, अगदी आईच्या हातासारखा वळवलेला. चाळीस वर्षं त्या भिंगातून त्यांनी तिचा हात पाहिला होता. तो पाठ होता. कुठल्या क्षणी बुडबुडा फुटतो, कुठल्या क्षणी पीठ कडा सोडतं, ते सगळं त्यांना येत होतं. जे दिसतं ते सगळं. आणि हिंगाच्या डबीवरून, मिठाच्या बरणीवरून त्यांचा हात तसाच पुढे गेला. ते फोटोत कधी दिसलं नव्हतं. मी तोंड उघडलं होतं सांगायला. मिटलं. अवनीनं माझ्याकडे बघितलं, तिच्याही लक्षात आलं होतं. मी मान हलवली. नाही. राहू दे.

झाकण काढलं. वाफ उठली. ते थबकले, एक पाऊल मागे गेले, डोकं किंचित तिरपं, सवयीनं. मग त्यांनी पटकन, जवळजवळ घाईनं, वाटीत घातली, मध्ये खळगा केला, कच्चं तेल सोडलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर आणून ठेवली. थोडी टेबलावर सांडली. “खा,” म्हणाले. “लगेच खा.”

पहिल्या घासाला जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, ते उकडीमुळे आलं असं समजायला हरकत नाही. इतकं गरम मी कधी खाल्लं होतं? आमच्या घरात कुठल्या बाईनं खाल्लं होतं? चव नव्हती. पांढरी, गुळगुळीत, दिसायला देखणी आणि तोंडात नुसती ऊन. मी दुसरा घास घेतला. ते खुर्चीच्या मागे उभे होते, हातात झारा, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते, भिंगातून नाही, तसेच, म्हातारे पाणावलेले डोळे बारीक करून. मला ओळखीचा वाटला तो चेहरा. आई असंच बघायची आम्हाला, पहिला घास गेला की.

“बरं झालंय?” त्यांनी विचारलं.

“नाही. मीठ नाही यात.”

“अगं, मग सांगायचंस.”

“आता सांगतेय. उद्या घाला.”

झाऱ्यावरचा थेंब फरशीवर पडला. “आणि रविवारी?” त्यांनी विचारलं, अगदी हळू, दुसऱ्या कुणाच्या घरात विचारावं तसं.

“रविवारी हिंगपण घाला,” मी म्हटलं.

अवनी हसली, रडली, दोन्ही. ते उभेच होते. बसा, असं मी म्हटलं नाही. आधी माझं खाऊन झालं.